फोडणीतली हळद आणि डबीतली हळद

मागच्या अंकात रक्तवाढीच्या आहाराबद्दल लिहिताना जाता जाता एक वाक्य लिहिलं होतं, की कॅन्सरचे उपचार चालू असताना घरगुती औषधं डॉक्टरांना न सांगता घेऊ नका. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की या वेळचा सगळा रकाना त्यांनाच द्यावा लागतोय. काहींनी आभार मानलेत, काहींनी मला ‘ॲलोपॅथीवाली’ म्हणून झाडलंय. मी आहारतज्ज्ञ आहे, कॅन्सरची डॉक्टर नाही. नोकरी सगळी परळ-शिवडीकडे झाली. वर्षाचा मसाला अजूनही एप्रिलमध्ये लालबागच्या गल्लीत उभी राहून डंकावर कुटून घेते. तेव्हा मसाल्यांशी माझं वैर असल्याची शंका कुणाला असेल तर ती काढून टाका. पत्रं थोडी कापली आहेत आणि नावं गाळली आहेत.

माझ्या सासूबाईंचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, आता केमो चालू आहे. दोन सायकल झाल्या. नात्यातल्या एका मामांनी हळदीच्या कॅप्सूल आणून दिल्या आहेत, सकाळ-संध्याकाळ एक. सांगलीहून आत्यांनी घरची हळद पाठवली आहे, ती दुधातून द्या म्हणतात. मिस्टर म्हणतात, हळदच तर आहे, नुकसान काय होणार? अमेरिकेनं उगाच हळदीचं पेटंट घेतलं होतं का? डॉक्टरांना विचारायची भीती वाटते, ते ओरडतील. डबीचा आणि फाईलचा फोटो पाठवत आहे. — एक सून, लालबाग

डबीचा फोटो पाठवलात हे फार चांगलं केलंत. शंभर पत्रांत असा एखादाच फोटो येतो.

डबीवर लिहिलंय, एका कॅप्सूलमध्ये ५०० मिलिग्रॅम कर्क्युमिन, म्हणजे हळदीतलं पिवळं द्रव्य, आणि सोबत काळ्या मिरीचा अर्क. आता आपल्या मिसळणाच्या डब्याकडे या. हळदीच्या पुडीत कर्क्युमिन असतं साधारण तीन टक्के. जात चांगली असेल तर पाच टक्क्यांपर्यंत. चहाच्या सपाट चमचाभर हळदीचं वजन तीन ग्रॅमच्या आसपास, म्हणजे त्यात कर्क्युमिन नव्वद मिलिग्रॅम. एका कॅप्सूलमध्ये साडेपाच चमचे हळदीचा ऐवज झाला. दिवसाला दोन कॅप्सूल म्हणजे अकरा चमचे. तुमच्या घरी चार माणसांच्या आमटीत हळद किती पडते? पाव चमचा. तेव्हा मिस्टरांना सांगा, ‘हळदच तर आहे’ हे आमटीबद्दल खरं आहे. कॅप्सूल हे औषध आहे, मग ती कुठल्याही झाडाची असो.

दुसरी गोष्ट मिरीच्या अर्काची. हळद पोटात गेली तरी कर्क्युमिन रक्तात फारसं पोहोचत नाही. आतडं आणि यकृत त्याचं रूप बदलून त्याला पटापट बाहेर काढतात. १९९८ साली बंगळूरच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमध्ये निरोगी माणसांना दोन ग्रॅम कर्क्युमिनबरोबर २० मिलिग्रॅम पायपरिन, म्हणजे मिरीतलं तिखट द्रव्य, देऊन पाहिलं. रक्तात पोहोचणारं कर्क्युमिन सुमारे वीस पटींनी वाढलं. हा आकडा जाहिरातवाले ठळक अक्षरांत छापतात. तो वाढला कसा, हे मात्र छापत नाहीत. पायपरिन यकृताचं ते बाहेर काढण्याचं काम मंद करतं. आणि केमोची कितीतरी औषधं, पुढे काहींना वर्षानुवर्षं घ्यावी लागणारी टॅमॉक्सिफेन ही स्तनाच्या कॅन्सरवरची गोळी, हे सगळं त्याच यकृतातून जातं. काही औषधं यकृतात गेल्यावरच कामाची होतात, काही तिथे निकामी होतात. कुठल्या औषधाचं काय बिघडेल हे डबीवर लिहिलेलं नसतं. २०१९ साली नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या डॉक्टरांनी टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या बायकांना कर्क्युमिन देऊन रक्त तपासलं, तर गोळीचं शरीरात तयार होणारं कामाचं रूप कमी झालेलं दिसलं. पायपरिनसह दिल्यावर आणखी कमी. घट प्रचंड नव्हती. पण ती गोळी आपण घेतो कशासाठी?

तुमच्या सासूबाईंच्या फाईलवर सायक्लोफॉस्फामाइड हे केमोचं औषध आहे. २००२ साली अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात, ज्या उंदरांच्या खाण्यात कर्क्युमिन होतं त्यांच्या स्तनाच्या गाठींवर या औषधाचा परिणाम कमी झाला. उंदीर म्हणजे तुमच्या सासूबाई नव्हेत, कबूल. माणसावर असंच होईल असं मी म्हणत नाही. पण तीन आठवड्यांनी एकदा, केस गळवून, तोंडाची चव घालवून जे औषध आपण शिरेतून घेतो, त्याच्या आड येण्याची नुसती शंका असलेली गोष्ट त्याच दिवसांत कशाला घ्यायची?

मग वर्तमानपत्रातल्या त्या बातम्या? काचेच्या बशीत वाढवलेल्या कॅन्सरच्या पेशी कर्क्युमिननं मरतात, हे खरं आहे. बशीत मीठ टाकलं तरी पेशी मरतात. २०१७ साली रसायनशास्त्रज्ञांनी तोवरच्या कर्क्युमिनवरच्या अभ्यासांचा मोठा आढावा घेतला. माणसांवरच्या शंभराहून जास्त चाचण्या झाल्या होत्या, आणि डॉक्टर आणि रुग्ण दोघांनाही कुणाला काय दिलंय हे माहीत नसताना ठामपणे गुण दाखवणारी एकही त्यांना सापडली नाही. टेक्सासमधल्या एका नामवंत संशोधकाचे याच विषयावरचे कित्येक निबंध मासिकांनी मागे घेतले. हळदीत काहीच नाही असा याचा अर्थ नाही. कॅन्सर बरा करण्याचा जो दावा डबीवर आडून आडून केलेला असतो, त्याला आधार नाही.

पेटंटचं विचारलंत म्हणून सांगते. १९९५ साली अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाला हळदीवर पेटंट मिळालं, ते जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्यावर. आपल्या डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या सीएसआयआरनं, म्हणजे सरकारी विज्ञान संशोधन संस्थेनं, जुने ग्रंथ आणि लेख पुढे करून ते आव्हानित केलं आणि १९९७ साली ते रद्द झालं. अभिमान जरूर बाळगा. पण भांडण जखमेवरच्या हळदीचं होतं. कॅन्सरचा त्यात संबंध नव्हता. हा किस्सा सांगून कॅप्सूल विकणाऱ्याला तेवढंच विचारा.

आणखी एक, आणि मला याचीच जास्त काळजी वाटते. हळदीच्या गोळ्यांनी यकृताला सूज येऊन कावीळ झाल्याच्या केसेस नोंदल्या गेल्या आहेत. २०१९ साली इटलीच्या आरोग्य खात्यानं त्याबद्दल लोकांना सावध केलं होतं. हे क्वचित होतं. पण केमोच्या आधी दर वेळी रक्त तपासतात ना, त्यात यकृताचे आकडे वाढलेले दिसले की डॉक्टर केमोलाच दोषी धरतात. डोस कमी करतात, सायकल पुढे ढकलतात. कारण मात्र घरच्या कपाटात बसलेलं असतं आणि ते त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

म्हणून सांगायचंच. ओरडतील? ओरडू द्या. पण बहुतेक ओरडत नाहीत, त्यांना घाई असते. ओपीडीत आत शिरल्यावर गोष्ट सांगत बसू नका, मोबाईलवर डबीच्या मागच्या बाजूचा फोटो उघडून पुढे धरा आणि विचारा, ‘हे चालू आहे, बंद करू ना?’ उत्तर केस पेपरवर लिहून मागा. डॉक्टरांपर्यंत पोहोचता आलं नाही तर केमो देणाऱ्या सिस्टरना किंवा दवाखान्याच्या औषध खिडकीवर दाखवा. तोवर कॅप्सूल थांबवा. वैद्यांचं औषध चालू असेल तर दोघांच्या फाईली एकमेकांना दाखवा. चांगला वैद्य स्वतःच ती मागतो.

सांगलीची हळद मात्र परत पाठवू नका. २०१८ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालंय, आणि घरची म्हणजे भेसळीची चिंता नाही. भेसळीचं भय खरं आहे. पिवळाधमक रंग यावा म्हणून हळदीत शिशाचा रंग घातल्याचं आपल्याकडे आणि बांगलादेशात सापडलेलं आहे. आमटीत, भाजीत, खिचडीत ती नेहमीसारखी घाला. रात्री कपभर दुधात चिमूटभर घालून सासूबाईंना बरं वाटत असेल तर तेही द्या, त्यात दूध आहे हाच मोठा फायदा. चमच्याचा वाडगा होऊ देऊ नका एवढंच.

माझे वय ६१. मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी ऑक्सॅलिप्लॅटिनचे सलाईन व त्यानंतर गोळ्या असा उपचार सुरू आहे. मळमळ फार होते. पत्नी सुंठ-आल्याचा रस, आलेपाक देते. तसेच उष्णता कमी व्हावी म्हणून थंडगार कोकम सरबत देते. हे योग्य आहे का? ओकारीच्या गोळ्या मी सध्या कमी केल्या आहेत. — एक वाचक, डोंबिवली

काका, आधी शेवटच्या वाक्यावर येते. ओकारीच्या गोळ्या तुम्ही कमी करायच्या नाहीत. त्या वेळेवर, डॉक्टरांनी सांगितल्या तेवढ्या दिवस घ्यायच्या, मळमळ नसली तरी. एकदा ओकारी सुरू झाली की ती आवरायला जास्त औषध लागतं. त्या गोळ्यांनी बद्धकोष्ठ होतं म्हणून टाळत असाल तर तसं डॉक्टरांना सांगा, त्यावर वेगळा उपाय आहे.

आलं मात्र घ्या. सगळ्या मसाल्यांत केमोच्या मळमळीसाठी माणसांवर नीट तपासलेलं कुणी असेल तर ते हे. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका चाचणीत ५७६ रुग्ण होते. त्यांना केमोच्या तीन दिवस आधीपासून सुंठेच्या कॅप्सूल दिल्या, नेहमीच्या ओकारीच्या औषधांच्या जोडीला. पहिल्या दिवसाची मळमळ कमी झाली, आणि सगळ्यात चांगला गुण दिवसाला अर्धा ते एक ग्रॅमला आला. दीड ग्रॅम घेणाऱ्यांना त्याहून जास्त मिळालं नाही. नंतरच्या सगळ्या चाचण्या एकसुरात बोलत नाहीत, पण एवढ्या मात्रेत धोकाही फारसा नाही. अर्धा ग्रॅम सुंठ म्हणजे चहाच्या चमच्याचा चौथा भाग. सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा, कोमट पाण्यात किंवा चहात. वाटीभर आल्याचा रस नको. त्यानं छातीत जळजळ होईल आणि तुम्ही म्हणाल केमोनं झाली.

आलेपाक घरचा. लोकलच्या डब्यात येतो तो उघडा असतो, रक्तातल्या, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी कमी असताना तो नको. मधुमेह असेल तर आलेपाकाची साखर मोजा. प्लेटलेट कमी आल्या असतील, किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर आलं-लसणाचे घरगुती प्रयोग डॉक्टरांना विचारल्यावरच.

आणि थंडगार कोकम बंद. आज संध्याकाळपासून. ऑक्सॅलिप्लॅटिन घेतल्यावर काही दिवस गार वस्तूला हात लावला तरी बोटांना झिणझिण्या येतात, गार पाणी घशात गेलं की घसा आवळल्यासारखा होतो, श्वास अडकल्यासारखं वाटून माणूस घाबरतो. हे तुम्हाला सांगितलं असेलही, पण त्या दिवशी दहा गोष्टी सांगतात. फ्रीजमधून काही काढायचं तर दुसऱ्यांना सांगा. कोकमाचं सार करा, जिऱ्याची फोडणी देऊन, कोमट. तेच कोकम, तीच चव, आणि उष्णता वगैरे जे काही आहे तेही त्यानं शमेल.

आमची खोली दहा बाय बाराची. स्वयंपाकाचा ओटा त्यातच. फोडणी दिली की ह्यांना लगेच उमळून येतं. फोडणीशिवाय तर जेवण होत नाही. काय करावं? — एक गृहिणी, शिवडी

या प्रश्नाला पुस्तकात उत्तर नाही. पुस्तकं म्हणतात, रुग्णाला स्वयंपाकघरापासून दूर ठेवा. ती पुस्तकं लिहिणाऱ्यांना वेगळं स्वयंपाकघर असतं.

चाळीतल्या बायकांकडून मी जे शिकले ते सांगते. फोडणी पहाटे, ते झोपलेले असताना किंवा खाली हवेवर फिरायला गेलेले असताना एकदाच करून ठेवायची, तूप-जिरं-हिंगाची, छोट्या बरणीत. दिवसभर लागेल तेवढी चमच्यानं, डाळ-भाजी उकळताना आतच सोडायची. कुकरमध्ये डाळीबरोबरच हळद, हिंग, जिरं घालून शिट्या केल्या तर वासाचा लोट खोलीत येतच नाही. शेजारीण आपली असेल तर केमोनंतरचे तीन-चार दिवस फोडणीची पळी तिच्याकडे घेऊन जायची. परळच्या एका चाळीत तर पाळीपाळीनं तीन घरांत फोडण्या व्हायच्या आणि त्यात कुणाला काही विशेष वाटत नव्हतं. मोहरी, कढीपत्ता, कांदा-लसूण परतण्याचा वास जास्त उग्र, तो त्या दिवसांत टाळा. तळण, सुकट-बोंबील तर नकोच. जेवण वाफाळतं वाढू नका. कोमट झालं की वास अर्धा होतो. दहीभात, थालीपिठाचा तुकडा, उकडलेलं अंडं, मुगाची घट्ट खिचडी निवलेली. थोडं थोडं, दोन-दोन तासांनी. पंखा त्यांच्या पाठीमागून ओट्याकडे तोंड करून लावा, उलटा नको.

माझ्या नवऱ्याच्या गालाच्या कॅन्सरला लाईट (रेडिएशन) देत आहेत, तिसरा आठवडा. तोंड पूर्ण आलंय. जेवण जात नाही, वजन उतरलं. शेजारी सांगतात लवंगेचं तेल लावा, हळद-मध लावा. ते सारखे म्हणतात बांगड्याचं तिखलं कर. करून देऊ का? — एक ताई, वसई

तिखलं नको हो ताई. तुमचा जीव तुटत असेल, पण मिरची, तिरफळ आणि कोकम तिन्ही एकदम, त्या सोललेल्या तोंडात? तिरफळानं तर धडधाकट माणसाची जीभ झिणझिणते. बांगडा मात्र द्या. माशातलं प्रथिन त्यांना आत्ता औषधाइतकंच लागतं. काटे काळजीपूर्वक काढून, नारळाच्या दाट दुधात, चिमूटभर हळद आणि मीठ घालून शिजवा, मग बोटांनी कुस्करून मऊ भातात कालवा. बांगड्याचा वास सोसत नसेल तर पापलेट. रंग पिवळा दिसला की त्यांना कालवणासारखं वाटेल. नाचणीचं सत्त्व वेलची घालून, अंड्याचं पातळ कस्टर्ड, गाळलेलं वरण वरून चमचाभर तूप घालून. सगळं कोमट आणि पातळ, कारण लाळ कमी झालेली असते.

लवंगेचं तेल अजिबात नको. दुखऱ्या दातावर एक थेंब वेगळा, उघड्या जखमेवर ते भाजतं. मधानं घशाला बरं वाटतं, पण तो दातांना चिकटतो, आणि लाळ आटलेल्या तोंडात दात फार लवकर किडतात. द्यायचाच तर लगेच चूळ भरायला लावा.

हळदीबद्दल एक चांगली बातमी आहे. २०१४ साली मंगळूरच्या डॉक्टरांनी डोक्या-मानेच्या कॅन्सरसाठी लाईट घेणाऱ्या ८० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अर्ध्यांना हळदीच्या पाण्याच्या गुळण्या, अर्ध्यांना पोव्हिडोन आयोडिन या जंतुनाशकाच्या. हळदवाल्यांचं तोंड उशिरा आलं आणि कमी आलं. अभ्यास लहान आहे. पण गुळणी थुंकून टाकायची असते, पोटात जात नाही, म्हणून कॅप्सूलची भीती इथे नाही. तुमच्या रेडिएशनच्या डॉक्टरांना विचारा, हो म्हणाले तर पाणी उकळून, गाळून, कोमट करून वापरा. त्यांनी दुसरी गुळणी दिली असेल तर ती सोडू नका. आणि दिवसातून पाच-सहा वेळा साधी गुळणी तर हवीच: पेलाभर कोमट पाण्यात पाव चमचा खाण्याचा सोडा आणि चिमूटभर मीठ. गालावर बाहेरून मात्र हळदीचा लेप लावून लाईटला पाठवू नका. तिथल्या कातडीला काय लावायचं ते तेच सांगतील.

दिवसभरात पाणीसुद्धा गिळता येत नसेल तर माझ्या पाककृती बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. नाकातून नळी घालायची वेळ आली तर घाबरू नका, तोंड निवळलं की ती निघते. आणि तंबाखू-सुपारी अजून चोरून चालू असेल तर ती बंद. तुम्ही पत्रात लिहिलं नाहीत, पण मी विचारतेय.

केमोनंतर पांढऱ्या पेशी खूप कमी आल्या. घरचं सगळं खाते. वरून चाट मसाला, कोथिंबीर, मिरपूड घातली की दोन घास जातात. चालेल? — एक वाचक, ठाणे

मसाला चालेल, पण ‘वरून’ नको. मिरी, धणे, हळद हे सगळं उन्हात वाळतं, पोत्यात राहतं. त्यात जंतू आणि बुरशीचे बीजाणू असतात. एरवी आपलं शरीर ते पचवतं. पेशी कमी असताना मसाला पदार्थ शिजत असतानाच घाला, उकळी फुटू द्या. कोथिंबीरही उकळत्या आमटीत. पाणीपुरी, कच्ची पुदिन्याची चटणी, गाडीवरचं लिंबू सोडा, पेशी वर येईपर्यंत नाही. वर्षाच्या मसाल्याच्या बरणीला पावसाळ्यात कुबट वास येत असेल तर ती फेकून द्या, जीव कितीही हळहळला तरी. ताप १००.४ च्या वर गेला तर काढा करत बसू नका, रात्र असली तरी दवाखाना गाठा.

वडिलांना मधुमेह आहे, केमोबरोबर स्टेरॉइड देतात तेव्हा साखर तीनशेच्या वर जाते. मेथीचं पाणी आणि दालचिनीची पूड सुरू केली आहे. — एक मुलगा, कांदिवली

स्टेरॉइडनं साखर चढते आणि ते थांबलं की उतरते. त्या चढउताराला औषध कमी-जास्त करायचं असतं आणि ते डॉक्टरच करू शकतात. मेथीनं साखर थोडी उतरते हे खरं, म्हणूनच काळजी: केमोनंतर दोन दिवस वडील जेवले नाहीत, गोळी घेतली, वर मेथीचं पाणी, तर साखर एकदम खाली येईल. भाजीतली मेथी, फोडणीतले दाणे बिनधास्त. भिजवलेलं पाणी थांबवा.

दालचिनीचं असं आहे, की बाजारात जाड, कडक सालीची मिळते ती बहुतेक वेळा कॅशिया. तिच्यात कूमारिन नावाचं द्रव्य बरंच असतं आणि रोज चमचा-चमचा घेतलं तर ते यकृताला बाधू शकतं. खरी दालचिनी पातळ पापुद्र्यांची, बोटांनी चुरडते, कोकणात लावतात ती. पण भातात एक तुकडा टाकायला दोन्ही चालतात, आणि पूड करून रोज फाकायला दोन्ही नकोत.

जिभेला चवच राहिली नाही. सगळं लोखंड चावल्यासारखं लागतं. मटण तर तोंडात धरवत नाही. मी गिरणीत होतो, खाण्याचा शौकीन माणूस. — एक वाचक, परळ

दादा, तुमचं पत्र वाचून बरं वाटलं, कारण इथे मी मसाल्याच्या बाजूनं बोलू शकते. तोंड आलेलं नाही ना, हे आधी बघून घ्या. नसेल तर डबा उघडा.

लोखंडी चव मटणाला सगळ्यात जास्त लागते. ते महिनाभर सोडा. प्रथिन अंड्यातून, दह्यातून, मासळीतून, हरभऱ्याच्या उसळीतून घ्या. स्टीलचा चमचा बदला, लाकडी किंवा प्लॅस्टिकचा घ्या, आणि ताटाऐवजी काचेची किंवा चिनी मातीची बशी. हे वेडेपणाचं वाटतं, पण पुष्कळांना फरक पडतो. जेवणाआधी सोड्याच्या पाण्यानं चूळ. मग आंबट: चिंच, कोकम, लिंबू, कैरी. आंबटानं लोखंड झाकलं जातं आणि लाळही सुटते. कोंबडी दह्यात, आलं-लसूण, धणे-जिरेपूड लावून तासभर फ्रीजमध्ये मुरवून शिजवा. गोड जास्त गोड लागत असेल तर त्यात मीठ-लिंबाचा थेंब, आणि सगळं कडू लागत असेल तर आमटीत गुळाचा खडा. मालवणी मसाला अर्ध्या प्रमाणात चालवून बघा, पोटात आग पडली नाही तर वाढवा. जेवल्यावर बडीशेप किंवा वेलचीचा दाणा चघळा. ज्या पदार्थावर आत्ता तुमचं प्रेम आहे तो केमोच्या दिवशी खाऊ नका. त्या दिवसाच्या मळमळीशी त्याची गाठ पडली की तो पुढे वर्षभर नकोसा होतो. उपचार संपल्यावर चव बहुतेकांची परत येते, काहींना महिने लागतात.

लसूण कच्चा खावा का? दोन आठवड्यांनी ऑपरेशन आहे. — एक वाचक, पनवेल

भाजीतला खा. कच्च्या पाकळ्या आणि लसणाच्या गोळ्या आजपासून बंद, त्यांनी रक्त गोठायला वेळ लागू शकतो. भूल देणाऱ्या डॉक्टरांना सांगा की घेत होतात, आणि कधीपर्यंत ते सांगा.

कोव्हिडपासून रोज काढा पितो: तुळस, मिरी, दालचिनी, ज्येष्ठमध, गुळवेल. आता प्रोस्टेटच्या कॅन्सरच्या गोळ्या सुरू झाल्या. काढा चालू ठेवू? — एक आजोबा, विलेपार्ले

आजोबा, तुळस-आल्याचा चहा ठेवा, बाकीचा काढा थांबवा. ज्येष्ठमध रोज घेतलं तर रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम उतरतं, आणि प्रोस्टेटच्या काही गोळ्याही नेमकं तेच करतात. गुळवेलीनं यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आपल्या मुंबईतल्याच डॉक्टरांनी प्रसिद्ध केल्या आहेत. मिरी-दालचिनीचं वर आलंच आहे. गणपतीत पपनस आणाल, तेही गोळ्यांबरोबर चालतं का ते विचारून खा. ग्रेपफ्रूट आणि पपनस काही औषधांचं रक्तातलं प्रमाण बदलतात. तुमच्या गोळीचं नाव पत्रात नाही, नाहीतर नेमकं सांगता आलं असतं.

ही विनंती सगळ्यांनाच. पुढचं पत्र पाठवताना चालू औषधांची नावं पाकिटावरून बघून लिहा, आणि ‘थोडीशी’, ‘चिमूटभर’ असं न लिहिता कुठल्या चमच्यानं किती आणि दिवसातून कितीदा, ते लिहा.